हौशी लघुपटाचा चमू : माणसं कशी जमवायची, कशी टिकवायची

आपल्या मराठी वाङ्मय मंडळाने यंदा एक लघुपट करायचं ठरवलं आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. बारा मिनिटांची गोष्ट, चार दिवसांचं चित्रीकरण आणि हातात पैसे जवळजवळ नाहीत. पटकथा तयार आहे. कॅमेऱ्याची सोय होईल. खरा प्रश्न माणसांचा आहे. "येतो की, त्यात काय!" असं म्हणणारे आत्ताच वीसेक जण झालेत. पण "येतो की" म्हणणं आणि डिसेंबरच्या थंडीत पहाटेची गाडी पकडून खानापूर तालुक्यातल्या एका गावी खरोखर येऊन उभं राहणं, यात बरंच अंतर आहे.

त्यात आपल्याला दुसरी संधी नाही. ज्या कौलारू घरात हा लघुपट घडतो ते आपल्यातल्याच एका मैत्रिणीच्या आजीचं घर आहे आणि जानेवारीत ते पाडणार आहेत. आजी ७८ वर्षांच्या आहेत, मुख्य भूमिका त्याच करणार आहेत. तेव्हा "या वेळी नाही जमलं तर मेमध्ये बघू" असं म्हणता येणार नाही. म्हणून या विषयाचा थोडा नीट अभ्यास करावा असं मला वाटलं. साहित्याच्या विद्यार्थिनीने सिनेमाच्या व्यवस्थापनावर का लिहावं, असं कुणी विचारेल. पण पैसे न घेता, हौसेने एकत्र आलेल्या माणसांकडून एक काम पुरं कसं होतं, हा प्रश्न जितका सिनेमाचा आहे तितकाच नाटकमंडळींचा, नियतकालिकांचा आणि आपल्या मंडळाचाही आहे.

'हौशी' या शब्दाबद्दल

मराठीत 'हौशी' हा शब्द मानाचा आहे. हौशी रंगभूमी म्हटलं की आपल्याला दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येणारी माणसं आठवतात. आपल्या भागाला तर याची जुनी ओळख आहे. 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

"हौसेला मोल नाही" ही म्हण आपण सहज वापरतो. तिचा नेहमीचा अर्थ असा की हौस असली म्हणजे माणूस खर्चाचा हिशोब करत नाही. पण हौशी कामं चालवणारे लोक पुष्कळदा तिचा दुसराच अर्थ लावतात : हौसेने करतोयस ना, मग मोल कशाला मागतोस? पहिल्या अर्थाने माणूस स्वतःचं देतो, दुसऱ्या अर्थाने दुसऱ्याचं घेतो. हौशी चमू मोडतात ते बहुधा इथेच, असं मला वाटतं. हा फरक मनात ठेवून काही खरी उदाहरणं पाहू.

फाळक्यांचं घर

दादासाहेब फाळके यांनी मुंबईत गिरगावला 'द लाइफ ऑफ क्राइस्ट' हा मूकपट पाहिला आणि येशूच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, कॅमेरा आणि तंत्राची माहिती घेऊन परत आले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

मधल्या काळात त्यांनी माणसं कशी जमवली हे पाहण्यासारखं आहे. सिनेमाचा अनुभव असलेली माणसं मिळणं अवघडच होतं, म्हणून त्यांनी ओळखीतल्या, शिकायला तयार असलेल्या माणसांना शिकवलं. त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी कॅमेरा चालवायला शिकवला. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी नाटकात काम केलेले दत्तात्रय दाबके मिळाले. बाईचं काम करायला एकही बाई तयार होईना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. खानावळीत त्यांना महिना १० रुपये मिळायचे, फाळक्यांनी १५ देऊ केले, असं सांगतात. रोहिदासाचं काम फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्रने केलं. सिनेमात काम करणं तेव्हा कमीपणाचं मानलं जाई, म्हणून 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असं लोकांना सांगा, असा सल्ला फाळक्यांनी आपल्या माणसांना दिला होता. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं आहे.

आणि सरस्वतीबाई फाळके. त्यांनी दागिने दिले. दादरच्या घरी राहणाऱ्या सगळ्या चमूचा स्वयंपाक केला. एवढंच नाही, तर फिल्मला भोकं पाडणं, रसायनं मिसळणं, फिल्म धुणं ही तांत्रिक कामंही त्या शिकल्या आणि केली. आज फाळके म्हटलं की आपल्याला एकच नाव आठवतं. पण तो चमू टिकला तो त्या घरातल्या चुलीमुळे आणि अंधाऱ्या खोलीतल्या कामामुळेही.

यातून आपल्यासाठी तीन गोष्टी निघतात. एक : अनुभवी माणूस नसेल तर शिकायला तयार असलेला माणूस चालतो, पण त्याला शिकवायला वेळ द्यावा लागतो. दोन : लाज, भीती, घरचा विरोध यांवर आधीच उपाय शोधावा लागतो. तीन : जेवणाचा प्रश्न ज्याने सोडवला त्याने निम्मा सिनेमा केला.

'पथेर पांचाली' : शनिवार-रविवारचा सिनेमा

दुसरं उदाहरण कलकत्त्याचं. सत्यजित राय तेव्हा एका जाहिरात कंपनीत नोकरीला होते. 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण त्यांनी २७ ऑक्टोबर १९५२ ला सुरू केलं. नोकरी सुटलेली नव्हती, त्यामुळे सुरुवातीचं काम सुटीच्या दिवशीच. छायाचित्रकार सुब्रत मित्र जेमतेम एकविशी-बाविशीतले, म्हणजे आपल्याच वयाचे. त्यांनी तोवर सिनेमाचा कॅमेरा चालवलेलाच नव्हता. पैशासाठी राय यांनी आपली विमा पॉलिसी वापरली, त्यांच्या पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण पडले. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले आणि २६ ऑगस्ट १९५५ ला चित्रपट कलकत्त्यात प्रदर्शित झाला.

"सगळे नवशिके होते आणि तरी एवढा मोठा चित्रपट झाला" असं म्हणून आपण स्वतःला धीर देतो. पण ते पुरतं खरं नाही. कला-दिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी आधी चित्रपटांत काम केलं होतं, झाँ रन्वार यांच्या 'द रिव्हर'साठीही. संपादक दुलाल दत्त यांनाही कामाची माहिती होती. इंदिर ठाकरूण झालेल्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरातल्या, पण जुन्या अभिनेत्री होत्या, आणि त्यांना दिवसाला २० रुपये दिले जात. म्हणजे नवशिक्यांच्या मध्ये एकेक जाणकार माणूस बसवलेला होता. पंडित रविशंकर दौऱ्यांमुळे सवडीत नव्हते. त्यांनी साधारण अकरा तासांच्या एकाच सलग बैठकीत संगीत केलं. मोठ्या माणसाकडे थोडा वेळ आणि नेमकं काम मागितलं तर मिळू शकतं, हे इथे दिसतं.

आपल्या उपयोगाची आणखी एक गोष्ट. आगगाडीच्या प्रसंगासाठी राय यांनी फुललेल्या काशाच्या गवतात एक दिवस चित्रीकरण केलं. पुढच्या आठवड्यात परत जाऊन पाहतात तर गुरांनी ती फुलं खाऊन टाकलेली. उरलेला भाग घ्यायला पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. सुटीच्या दिवशीच काम करणाऱ्या हौशी चमूला मधले पाच दिवस असे महाग पडतात.

मालेगाव आणि कोळिकोड

तिसरं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलंच, म्हणजे फाळक्यांच्या मुलखातलं. मालेगावात यंत्रमागांवर काम करणाऱ्या आणि छोटी दुकानं चालवणाऱ्या लोकांनी गाजलेल्या चित्रपटांची विनोदी रूपं स्वतःच्या हिमतीवर बनवली. नासिर शेख हे त्यांतलं मुख्य नाव. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हा सगळा कारभार पाहायला मिळतो. कॅमेरा हलवायला सायकल वापरलेली आहे. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागावरचा कामगार होता आणि पुढे कर्करोगाने तो गेला. हा माहितीपट पाहताना आपण हसतो, पण एक गोष्ट मनात राहते. ही माणसं सवड असलेली माणसं नव्हती. शुक्रवारी माग बंद, तेवढाच मोकळा दिवस. तो त्यांनी सिनेमाला दिला.

चौथं उदाहरण केरळचं. १९८४ च्या सुमारास दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या मित्रांनी कोळिकोडला 'ओडेसा' हा गट केला. चॅप्लिनचा 'द किड' गावोगावी दाखवायचा आणि लोक देतील ती वर्गणी गोळा करायची, अशा रीतीने त्यांनी पैसे उभे केले आणि १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' हा चित्रपट पुरा केला. प्रेक्षक शेवटी येतो असं आपण धरतो. इथे प्रेक्षक आधीच चमूत आला.

आता आपलं : आधी कामं मोजा, मग माणसं

वीस जण "येतो" म्हणाले म्हणून वीस जण न्यायचे नसतात. ज्याला काम नसतं तो दुसऱ्या दिवशी कंटाळतो, तिसऱ्या दिवशी इतरांनाही कंटाळवतो. म्हणून आधी कामांची यादी करावी. आपल्या लघुपटासाठी मी केलेली यादी अशी आहे :

दिग्दर्शक एक. सहायक दिग्दर्शक एक; याचं काम घड्याळाकडे आणि यादीकडे बघणं, पुढचा शॉट कोणता आणि किती वाजता हे सगळ्यांना सांगणं. कॅमेऱ्यावर दोघं. ध्वनीला एक. सातत्याला एक, म्हणजे मागच्या शॉटमध्ये आजींच्या हातात तांब्या उजवीकडे होता की डावीकडे, पदर डोक्यावर होता की खांद्यावर, हे लिहून आणि फोटो काढून ठेवणारी व्यक्ती. निर्मिती व्यवस्थेला दोघं : जेवण, गाडी, परवानग्या, पैसे. कला आणि वेशभूषेला एक. आणि एक बदली माणूस, ज्याला सगळं थोडं थोडं माहीत असेल. हे झाले दहा. पडद्यावर चौघं : आजी, नात, पोस्टमन आणि घर विकत घ्यायला आलेला दलाल. एकूण १४.

यात ध्वनीच्या माणसाला कुणी कमी लेखू नये. आजकाल मोबाईलवरही चित्र चांगलं येतं. आवाज मात्र हमखास बिघडतो. पंखा, मिक्सर, शेजारचा ट्रॅक्टर, आणि खानापूरकडची कावळ्यांची शाळा. ध्वनीवाल्याने कानाला हेडफोन लावून "पुन्हा घ्या" म्हटलं की दिग्दर्शकानेही ऐकायचं, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं बरं. प्रत्येक जागी सगळ्यांनी गप्प राहून तीस सेकंद नुसती शांतता ध्वनिमुद्रित करायची, हेही त्याच्याच यादीत. संपादनात ती फार उपयोगी पडते.

मागायचं कसं

स्वयंसेवकांची मी पाहिलेली सगळ्यात चांगली शाळा म्हणजे आमच्या पॅरिशचा सण. सणाच्या आधी दोन आठवडे व्हरांड्यात एक कागद लागतो. त्यावर 'मदत हवी आहे' असं काही नसतं. 'खुर्च्या मांडणे, शनिवार, सायंकाळी ५ ते ७, चौघे' असं असतं आणि पुढे चार रिकाम्या ओळी. लोक नाव लिहितात, कारण आपल्याकडे नेमकं काय मागितलंय आणि ते कधी संपणार हे त्यांना कळतं. शिवाय कागद लावणाऱ्या मावशी तेवढ्यावर थांबत नाहीत. एकेकाला गाठून विचारतात : "बाळा, तुझा आवाज मोठा आहे, पार्किंगला तू उभा राहशील काय?" तुझ्यात हे आहे म्हणून तुला विचारते, असं म्हटलं की नाही म्हणणं अवघड जातं.

ग्रुपवर 'कोण कोण येणार?' असा संदेश टाकला की अंगठे भरपूर येतात. अंगठा म्हणजे होकार नव्हे. म्हणून मागताना चार गोष्टी सांगाव्यात : काम कोणतं, तारखा कोणत्या, दिवसाचे तास किती, आणि आपण काय देणार. शेवटी "नाही म्हटलंस तरी चालेल, पण शुक्रवारपर्यंत सांग" हे जोडावं. नाही म्हणायची मोकळीक दिली की मिळालेला होकार पक्का असतो.

तारखांचंही तसंच. दिवाळीची सुटी सोयीची वाटते, पण खानापूरकडच्या आपल्या मित्रांच्या घरी तेव्हा भाताची सुगी असते. त्यांना शेतातून काढून कॅमेऱ्यासमोर आणणं बरोबर नाही. नाताळच्या आठवड्यात कॅथलिक मुलंमुली कॅरल आणि गव्हाणीच्या तयारीत. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले दोन शनिवार-रविवार मी सुचवते. रविवारी मिस्सानंतर अकराला सुरुवात. आता राय यांची काशफुलं आठवा. पहिल्या आठवड्यात अंगणात भाताची रास असेल, दुसऱ्या आठवड्यात नसेल. तेव्हा अंगणातले सगळे शॉट पहिल्या शनिवार-रविवारी, घरातले पुढच्या आठवड्यात.

एक पानाचा करार

"मित्रांमध्ये कसला करार?" असं कुणी म्हणेल. पण पुष्कळशा मैत्र्या न बोललेल्या गोष्टींमुळे दुरावतात. कोर्टात जायला हा कागद नाही. दोघांना तेच आठवावं म्हणून आहे. त्यात एवढं असावं : प्रत्येकाचं काम आणि तास; येणं अशक्य झालं तर किमान दोन दिवस आधी कुणाला कळवायचं; जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च मंडळाचा; श्रेयनामावलीत नाव कसं लिहायचं, हे त्या व्यक्तीनेच लिहून द्यायचं; आणि लघुपट कुठे दाखवायचा, स्पर्धेत बक्षीस मिळालं तर रकमेचं काय, हे आधीच ठरवायचं. चित्रित केलेलं सगळं त्याच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवायचं आणि त्याची जबाबदारी एकाच नावापुढे लिहायची. 'सगळ्यांची जबाबदारी' म्हणजे कुणाचीच नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहावं लागतं. फाळक्यांना तारामती मिळाली नाही, त्याला आता शंभरहून जास्त वर्षं झाली. तरी आपल्या वर्गातल्या काही मैत्रिणींना "सिनेमाला जाते" असं घरी सांगताना आजही अडखळायला होतं. 'फॅक्टरीत कामाला जाते' असं सांगायची वेळ आपण कुणावर आणू नये. प्राध्यापिका किंवा सिस्टर यांच्यापैकी कुणीतरी घरी फोन करून जागा, वेळ आणि सोबतची माणसं कोण हे सांगावं. सायंकाळी सहाला काम बंद, आणि शेवटची मुलगी घरी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय निर्मिती व्यवस्थेचा दिवस संपला असं धरू नये.

परवानग्यांचं थोडक्यात : घराच्या मालकांची लेखी संमती, ग्रामपंचायतीला पत्र. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय चित्रीकरण करता येत नाही, म्हणून पटकथेतला स्टेशनवरचा प्रसंग एसटीच्या थांब्यावर न नेता अंगणातच आणावा, असं मी सुचवते. गाजलेलं गाणं पार्श्वभूमीला लावायचं नाही. आपल्यात पेटी वाजवणारे आहेत की!

ज्यांना हौस परवडत नाही

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपल्या मंडळातले दोघं जण शनिवार-रविवारी बाजारात दुकानांवर काम करतात. दिवसाला ३०० रुपये मिळतात, त्यांतून फी आणि घरखर्च. त्यांतल्या एकाच्या हातात कॅमेरा आपल्या सगळ्यांपेक्षा स्थिर राहतो. त्याला आपण "हौसेने ये" म्हणायचं, म्हणजे चार दिवसांचे १,२०० रुपये तू दे, असंच म्हणायचं. आणि त्याला न विचारणं म्हणजे हौस फक्त खात्यापित्या घरच्यांनी करावी, असं म्हणणं. मला दोन्ही पटत नाही.

याला दोन आक्षेप येतील. पहिला : एकाला पैसे दिले तर बाकीचे रुसतील. मला वाटतं, हे मानधन नाही, बुडालेल्या मजुरीची भरपाई आहे, हे सगळ्यांसमोर सांगितलं तर कुणी रुसणार नाही. चुनीबाला देवींना दिवसाचे २० रुपये मिळत होते म्हणून तो चित्रपट कमी आपुलकीचा झाला नाही. दुसरा आक्षेप : आपण पैसे दिले तर त्या मुलाला उपकार वाटतील. हा आक्षेप जास्त खरा आहे. म्हणून रक्कम हळूच पाकिटात घालून द्यायची नाही. एक पानाच्या करारातच सगळ्यांसाठी एक ओळ ठेवायची : 'या दिवसांत माझी मजुरी बुडते / बुडत नाही.' ज्याची बुडते त्याला ती मिळेल. मागायची वेळच यायला नको.

हिशोब असा होतो. १४ माणसं, चार दिवस, नाश्ता-चहा-जेवण माणशी रोज १२० रुपये धरले तर ६,७२० रुपये. दोघांची मजुरी २,४००. मिळून ९,१२०. प्रवास वर्गणीतून करू. मंडळाकडे या कामासाठी ६,००० आहेत. उरले ३,१२०. ओडेसावाल्यांची युक्ती इथे चालेल. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. 'द किड' १९२१ चा आहे. चॅप्लिनने १९७१ मध्ये संगीत जोडलेली आवृत्ती सोडून मूळ मूकपट दाखवायचा आणि पेटी-तबला आपणच वाजवायचा. माणशी २० रुपये मिळाले तर १५६ प्रेक्षक हवेत. दोन खेळांत होईल.

स्वयंपाकाचा प्रश्न राहतो. मैत्रिणीच्या आजींनी पटकथा ऐकून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो "जेवायला किती जण गं?" असा. त्या खरंच चौदा जणांचं रांधतील. पण मग त्या अभिनय कधी करणार? सरस्वतीबाईंनी केलं म्हणून प्रत्येक चित्रपटात घरातल्या बाईनेच करावं असं नाही. जेवण गावातल्या बचतगटाकडून घेऊ. आणि त्या बायकांची नावं श्रेयनामावलीत घालू, 'विशेष आभार' या मोघम ओळीत न टाकता 'भोजन' या स्वतंत्र कामाखाली.

चर्चेसाठी प्रश्न

मंडळाच्या पुढच्या बैठकीत या प्रश्नांवर बोलू. उत्तरं लिहून आणली तर जास्त चांगलं.

१. फाळके, राय, मालेगाव आणि ओडेसा या चारही ठिकाणी घरातल्या किंवा गावातल्या कुणीतरी स्वतःचं काही पणाला लावलं. आपल्या लघुपटात कोण काय पणाला लावणार आहे? त्या व्यक्तीला आपण ते विचारलंय काय?

२. वरच्या दहा कामांपैकी कोणतं काम तुम्ही चारही दिवस, कुणी कौतुक न करता कराल? त्याच कामापुढे नाव लिहा. दिग्दर्शनापुढे आत्ताच सहा नावं आहेत, सातत्यापुढे एकही नाही.

३. चौथ्या दिवशी सायंकाळी आजी थकल्या आणि दोन शॉट राहिले तर काय करायचं? शॉट की आजी, हे कुणी ठरवायचं? माझं मत आहे की हा अधिकार त्यांच्या नातीला द्यावा आणि तिने थांबा म्हटलं की दिग्दर्शकाने वाद घालू नये. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पर्याय सुचवावा.

४. लघुपट पहिल्यांदा कुठे दाखवायचा : महाविद्यालयाच्या सभागृहात, की घर पाडण्याआधी त्याच अंगणात, भिंतीवर चादर बांधून? दुसरं करायचं तर संपादनाला जेमतेम दोन आठवडे मिळतात. संपादन करणाऱ्याने आधी बोलावं, मग बाकीच्यांनी.

कामांची यादी ग्रंथालयाबाहेरच्या फळ्यावर लावली आहे. प्रत्येक कामापुढे तारखा, तास आणि एक रिकामी ओळ आहे. पेन दोऱ्याने बांधून ठेवलंय.